चिंचेनं घासलेली

तेवीस वर्षं स्वारगेटच्या गाड्यांवर
चामडी पिशवीत हात घालून
मी सुट्टे काढले, न बघता.
आठ आणे, रुपया, दोन रुपये:
अंगठ्याला कळायचं.
निवृत्त झाले त्या दिवशी हिशेब चोख होता
आणि एकही नाणं मी पाहिलेलं नव्हतं.

आता बुधवारी मंगळवार पेठेत.
जुन्या बाजारात गंजके पाने, बिनकिल्लीची कुलपं,
एकाच पायाचे बूट,
आणि खलीलभाई अत्तार:
पोत्यावर तांब्याचा ढीग,
शेजारी सोनाराचा काटा, मांडीवर पालथं भिंग.
मी विचारलं, शिकवाल?
त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.
काळपट होती. म्हणाले, बसा.

कडेनं धरा.
बाई, हे तिकीट नव्हे, चिमटीत दाबायला.
घाई करू नका. ऊन तिरकं होऊ द्या.
डोक्यावरचं ऊन असलं की
सगळी नाणी सारखीच गरीब दिसतात.
साडेचारच्या सुमाराला
खरंच, काळ्या चकतीतून
'शिव'मधला 'व' वर आला,
पोटुशा बाईसारखा, सावकाश.

मग वजन. मग कड, फाटलेली की कापलेली.
मग अक्षरं: 'पति'ची वेलांटी शाबूत असेल तर बरी,
नुसता 'त' उरला असेल तर साधारण,
आणि काहीच उरलं नसेल
तर ती गुळगुळीत, म्हणजे खूप चाललेली,
कुणाच्या कुणाच्या कनवटीला घासत गेलेली.
बाजारात तिला भाव नाही.
मला तीच आधी ओळखू आली.

ठसा मोठा असायचा आणि चकती लहान.
हातोडा पडला की मजकूर कडेबाहेर सांडायचा.
एकीवर 'श्री' मावली तर 'राजा' अर्धा,
दुसरीवर 'छत्र' आहे, 'पति' हवेत.
अख्खं नाव एका शिवराईवर?
खलीलभाई हसले. चाळीस वर्षं झाली, शोधतोय.
म्हणून तर ढीग लागतो, बाई.

पहिली विकत घेतली साठ रुपयांना.
घरी नेली, आणि हात आपोआप
चिंचेच्या बरणीकडे गेला.
चिंच, मीठ, चोळ चोळ चोळली,
देवाचा तांब्या चोळावा तशी.
निघाली गुलाबी, नवजात,
लाज वाटावी इतकी लख्ख.

रविवारी कौतुकानं दाखवली.
ते रागावले असते तर बरं झालं असतं.
भिंगसुद्धा उचललं नाही त्यांनी.
एवढंच म्हणाले,
दोनशे वर्षं रंग धरत होती.
आता हिचं वय चार दिवस.

मी वही केली. खाने पाडले:
वजन, ठसा, कड, दर्जा.
एकीपुढे 'उत्तम' लिहिलं तर त्यांनी खोडलं.
आवडली म्हणून उत्तम लिहिलीत.
आवड वेगळ्या खान्यात लिहा.

लिहिते तेव्हापासून.
पाचवा खाना, अरुंद, समासाला चिकटून.
तिथे मी आकडे घालत नाही.
एकीपुढे 'शेवटची गाडी' असं लिहिलंय,
का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

चिंचेनं घासलेलीचा दर्जा: खराब.
तो मीच लिहिला, त्यांनी न सांगता.
पण दोन पावसाळे ती उघडीच ठेवलीय खिडकीत,
आणि परवा पाहिलं तर 'रा'च्या कान्याला
चहाच्या डागाएवढं काळं धरलंय.

खलीलभाई नमाजाला गेले की ढीग मी सांभाळते.
काल एक तरुण उकिडवा बसला,
नेमकी तीच उचलली माझ्या वहीवरून,
चिमटीत दाबून.
ही चमकते मस्त, कितीला?

तेवीस वर्षांचं वाक्य
आपसूक तोंडातून निघालं:
पुढे चला.